पाखरं राखून राह्यली जी

मानपत्र मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी आमच्या पक्षिमंडळावर, अध्यक्षांवर आणि तमाम दुर्बीणवाल्यांवर भरपूर तोंडसुख घेणार आहे. वाचणाऱ्याला वाटायला नको की ही बाई स्वतःला सोवळी समजते. राग मला त्यांचा येतोच. स्वतःचा त्याहून जास्त येतो, आणि भाजी चिरताना, वह्या तपासताना, कुठेही येतो.

मी चंद्रपूरला शाळेत विज्ञान शिकवते. माहेर आरमोरीजवळच्या एका गावचं, घरची धानाची शेती. सहा वर्षांपूर्वी मंडळात गेले तेव्हा पहिल्याच बैठकीत मी उत्साहाने म्हणाले, "काल मले शाळेच्या मागे नीलपंख दिसला." अध्यक्ष हसले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, पुण्याकडचे, तसे सभ्य गृहस्थ. "मले नाही बाई, मला," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून मंडळात तोंड उघडण्याआधी मी प्रत्येक वाक्य एकदा मनात धुऊन घ्यायला लागले. दोन वर्षांत माझी भाषा इतकी स्वच्छ झाली की त्यांनी मला चिटणीस केलं. पत्रं, अहवाल, आभार, सगळं माझ्याकडे. "बाईंचं मराठी म्हणजे काय!" असं अध्यक्ष पाहुण्यांना सांगायचे आणि मी फुलून जायची. लाज वाटते आता लिहिताना.

मंडळ दर हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर जातं. शनिवार-रविवारला जोडून रजा काढायची, कुरव आणि चिखल्या पक्षी बघायचे, सुरमई खायची, परत यायचं. गेल्या हिवाळ्यात कुणाला रजा मिळेना, म्हणून मीच सुचवलं की आपल्याकडे समुद्र नसला तरी वैनगंगेला काठ आहे. जानेवारीत पाणी उतरलं की मैलभर वाळू उघडी पडते. चक्रवाक बदकं येतात, पट्टकादंब येतात, नदी टिटव्या तर बाराही महिने असतात. दोन दिवस काठाकाठाने चालू. अध्यक्षांना कल्पना आवडली. "आपला किनारा" असं सहलीला नावही दिलं त्यांनी. मला वाटलं, माझ्या गावाकडची नदी मी यांना दाखवतेय. चांगली गोष्ट आहे.

शनिवारी सकाळी आम्ही अठराजण दोन गाड्यांतून आरमोरीच्या पुढे उतरलो. थंडी चांगलीच होती. सगळ्यांच्या अंगावर ते मातकट रंगाचे, खिशांवर खिसे असलेले कोट. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया आमच्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या. दुपारपर्यंत बरंच काही दिसलं. फोटोवाल्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे धावून निम्मे पक्षी उडवले आणि उरलेल्यांचे फोटो काढले. कुणी काही बोललं नाही. कॅमेरा मोठा असला की माणसाला सगळं माफ असतं.

तीनच्या सुमारास आम्ही वाळूच्या एका मोठ्या पट्ट्यावर आलो. तिथे एका बाईची डांगरवाडी होती. डांगर म्हणजे टरबूज-खरबूज. पाणी ओसरलं की नदीकाठची माणसं वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे खणतात, त्यात शेणखत घालून बी लावतात आणि उन्हाळ्यात फळं काढतात. ज्यांना शेत नाही त्यांना चार महिने हीच जमीन. या बाईची रोपं दोन-दोन, तीन-तीन पानांवर आली होती. तुरीच्या तुऱ्हाट्यांचं कुंपण, गवताची एक खोप, पाणी घालायला दोन घागरी. बाई साठीची असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खोपीच्या सावलीत बसली होती आणि तिची नजर समोर पाण्याकडे होती. तिथे उथळ पाण्यात चाळीसेक चक्रवाक उन्हात बसले होते. भगव्या रंगाचा नुसता गालिचा.

अध्यक्ष तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. "काय करता बाई इथे?"

"पाखरं राखून राह्यली जी," ती म्हणाली.

अध्यक्षांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कोकणात फ्लेमिंगो बघतानाही पाहिलं नव्हतं.

"किती वर्षं करताय हे?"

"आता का सांगू जी, पोर होती तवापासून. माही मायबी राखे. तिच्या मांगं मी."

"रोज येता?"

"रोजच या लागते. एक दिवस नाई आली तं काई उरत नाई."

"कंटाळा नाही येत?"

"कंटाळा करून कसं चालन जी? आमचा सारा जीव त्याच्यातच हाये." असं म्हणून तिने हात केला तो पाठीमागच्या रोपांकडे. अध्यक्ष बघत होते पाण्याकडे.

आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाखरं राखणं म्हणजे पिकावरून पाखरं हाकलणं. राखायचं असतं पीक, नाव घेतात पाखरांचं. लोंबीत दूध भरलं की मी स्वतः शाळा बुडवून आमच्या धानाच्या बांधीवर पाखरं राखली आहेत. पत्र्याचं डबडं बडवत, घसा फुटेपर्यंत ओरडत. गोफणही फिरवली आहे. सहलीतल्या सोळा-सतराजणांना हा शब्द माहीत नव्हता, त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मला माहीत होता.

मी तोंड उघडलंही होतं. "सर, तसं नाही," एवढे शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात अध्यक्ष घोगऱ्या आवाजात सगळ्यांना म्हणाले, "ऐकलंत? आपण पुस्तकं वाचून पक्षिमित्र झालो. ही बाई पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांची राखण करतेय. तिच्यासमोर आपण कोण?" दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाने टोपी काढली. अशा वेळी मी काय सांगणार होते? की अहो, ती यांना हाकलायला बसली आहे? माझ्या गावाकडच्या बाईला पहिल्यांदाच या लोकांनी इतक्या आदराने बघितलं होतं, आणि त्या आदराचा थोडा उजेड माझ्यावरही पडत होता. एकजण मला म्हणालासुद्धा, "तुमच्याकडची माणसं ग्रेट आहेत हो." मी मूग गिळून बसले.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी चहा घेताना ठरलं की उद्या सकाळी बाईंचा सत्कार करायचा. आरमोरीच्या बाजारातून शाल-श्रीफळ आणलं. मानपत्र कोण लिहिणार हा प्रश्नच नव्हता. मी लिहिलं. "नदीच्या लेकरांची माय" असं लिहिलं. "हातात शस्त्र न घेता पक्ष्यांचं रक्षण करणारी" असंही लिहिलं. वाक्य छान जमलं म्हणून दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मी खूपदा आठवून बघितलंय. काही नव्हतं. एका बाईला शाल मिळते आहे, कुणाचं काय बिघडतं, एवढंच होतं.

रविवारी सकाळी आठला आम्ही वाडीवर पोचलो. बाई एकेका खड्ड्यात ओंजळीने पाणी घालत होती. आम्हाला बघून तिने पदर सारखा केला. अध्यक्षांनी शाल पांघरली, नारळ दिला, मी मानपत्र वाचलं. फोटो झाले. टाळ्या झाल्या. बाई अवघडून उभी होती. सगळे एकमेकांशी बोलायला लागले तेव्हा ती हळूच माझ्याकडे सरकली.

"तुमी इकडच्याच ना जी? बोलन्यावरून नाई वाटत, पन तोंडावरून वाटते. हे शाल काऊन देऊन राह्यले मले?"

"चांगलं काम करता म्हणून," मी म्हणाले.

"कोनतं काम?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. त्याच वेळी पाण्यावरून चक्रवाकांचा अख्खा थवा आवाज करत उठला, वाळूवर एक फेरी मारून वाडीच्या नदीकडच्या टोकाला उतरला आणि कोवळी रोपं खुडायला लागला. कॅमेरे वर झाले. इतक्या जवळून चक्रवाक कुणालाच मिळाले नव्हते. "हलू नका, कुणी हलू नका," अध्यक्ष कुजबुजले.

बाई हलली. तिने अंगावरची शाल खोपीच्या मेढीवर टाकली, कमरेची गोफण सोडली, वाळूत ठेवलेला गोटा उचलला, आणि डोक्यावर दोन गरके देऊन भिरकावला. साठीच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "हाऽऽड्यो!" अशी आरोळीही ठोकली. गोटा थव्याच्या अलीकडे चार हातांवर पडला. एकाही पाखराला लागला नाही. ती मारत नव्हतीच, हाकलत होती. थवा उडून पलीकडच्या काठाला गेला.

मग आमच्या लोकांनी जे केलं त्याने अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "अहो, काय करताय!" म्हणून एकजण किंचाळला. कुणी "ढोंगी" म्हणालं. कॅमेरे चालूच होते, सगळं चित्रित झालं. अध्यक्षांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. काल ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्याच डोळ्यांत आता फसवणूक झाल्याचा संताप. कुणी फसवलं यांना? तिने शब्दाला शब्द खरं सांगितलं होतं. तिला समजेना काय बिघडलं. ती सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती, गोफण हातात तशीच.

अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती शाल परत घ्या. तुमची भाषा कळते तिला."

माझी भाषा! सहा वर्षं ज्या भाषेला नाकं मुरडली ती आता शाल काढून घ्यायला उपयोगी पडणार होती. त्या क्षणी तरी मी फाडकन सांगायला हवं होतं. मी गेले आणि मेढीवरची शाल उचलली. बाईने अडवलं नाही.

"न्या," ती म्हणाली. "मले तशीबी उकडूनच राह्यलं होतं."

ती शाल पुढच्या महिन्यात नागपूरच्या एका पाहुण्याच्या खांद्यावर गेली. नारळ गाडीत कुणीतरी फोडून खाल्ला. मानपत्राचा कागद मात्र तिच्याकडेच राहिला, तो कुणाला आठवला नाही.

परत येताना गाडीतच ते चित्रीकरण मंडळाच्या ग्रुपवर पडलं. तिथून इतर ग्रुपवर गेलं. खाली लोक लिहीत होते: अटक करा, अद्दल घडवा. नदीचा काठ कधी न पाहिलेली माणसं लिहीत होती. सोमवारी अध्यक्षांनी वरच्या वनाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. संरक्षित पक्ष्यांवर हल्ला, सोबत पुरावा जोडला आहे. त्या पत्रावर माझी सही नव्हती, हे मी काही दिवस स्वतःला मोठ्या कौतुकाने सांगत होते.

त्या आठवड्यातच मला एक फोन आला. तिकडचा वनरक्षक बोलत होता. चौकशीला गेला तेव्हा बाईने त्याला मानपत्र दाखवलं होतं आणि खाली चिटणीस म्हणून माझं नाव, नंबर होता.

"मॅडम, तुमचं माहेर इकडचंच ना? बाईनं सांगतलं, तोंडावरून वळखलं म्हने," तो म्हणाला. "पाखरं राखनं म्हंजे का, हे तुमाले मालूम नाई का?"

"माहीत आहे," मी म्हणाले.

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मलेबी मालूम हाये. पन वरून कागद आला, अन् कागदासंगं चित्र आलं. मी का करू? गोफन जमा केली. चौकशी होयेपर्यंत वाळूवर जायाचं नाई म्हून सांगतलं बाईले. तिचं एकटीचंच घर हाये मॅडम. वर्षाचं सारं त्या वाळूवर. अन् लाल बदकं तं रोज येऊन राह्यली."

त्या रविवारी मंडळाची बैठक होती. मी उभी राहिले आणि शब्दाचा अर्थ सांगितला. गोटा अलीकडे पडला हे सांगितलं, वाटलं तर चित्रीकरण थांबवून थांबवून बघा म्हणाले. तक्रार मागे घ्या आणि गैरसमज झाला असं लेखी द्या, बाकी काही नको. रोपं लहान आहेत, एकेक दिवस मोलाचा आहे.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग मानपत्र कुणी लिहिलं?"

"मी."

"तुम्हाला अर्थ माहीत असताना?"

"मले मालूम होतं," मी म्हणाले. "अन् मी बोलली नाई." बोलून गेल्यावर मला कळलं मी कशी बोलले ते. या वेळी कुणी हसलं नाही.

पण तक्रार मागे घ्यायला कुणी तयार नव्हतं. एक म्हणाला, अर्थ काहीही असो, पक्ष्यांवर दगड मारलाच ना. दुसऱ्याने विचारलं, सत्कारही आपणच केला, तक्रारही आपणच केली, आता मागेही घ्यायची, लोक हसणार नाहीत का? अध्यक्ष म्हणाले, "बाई, आपण शेवटी पक्ष्यांच्या बाजूचे आहोत." मला इतका राग आला की हातातली इतिवृत्ताची वही मी टेबलावर आपटली. "पक्ष्यांना काही झालेलं नाही," मी ओरडले. "तिच्या रोपांना होतंय, आत्ता, आपण इथे बिस्किटं खातोय तेव्हा!" एकीने कुणाला तरी हळूच सांगितलं की बाईंना अलीकडे ताण आहे.

मी घरी येऊन स्वतःच पत्र लिहिलं. छान वाक्यं नाहीत त्यात. मी कोण, मला काय माहीत होतं, मी काय दडवलं आणि त्यामुळे काय झालं, एवढंच आहे. ते घेऊन मी तीन वेळा त्या कार्यालयात गेले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा म्हणाले, तक्रारदार मंडळ आहे, तुम्ही कोण? तिसऱ्यांदा मी म्हणाले, मी खोटं मानपत्र लिहिणारी आहे, हवं तर माझ्यावर गुन्हा दाखल करा, आणि खुर्चीवरून उठलेच नाही. पुढच्या आठवड्यात प्रकरण बंद झालं. मंडळाने मला ग्रुपमधून काढून टाकलं, त्याचं मला सोयरसुतकही नव्हतं. पण या सगळ्यात फेब्रुवारी संपत आला होता.

मी एकटीच एसटीने गेले. बाईचं घर गावाच्या टोकाला, नदीच्या उंच काठावर आहे. अंगणातून खाली अख्खी वाळू दिसते. तिची वाडीही दिसते. कुंपण तसंच होतं, खोप होती, खड्ड्यांच्या ओळी होत्या. हिरवं काही नव्हतं. गोफण परत मिळाली होती, ती दाराजवळ खुंटीला टांगलेली होती.

"दुसऱ्यांदा लावता येणार नाही का?" मी विचारलं.

"आता लावून का होते जी? वेल पसरपर्यंत ऊन तापते. वाळू भाजून टाकते."

"इतके दिवस इथूनच बघत होतात?"

"मंग कुठी जाऊ? इथूनच ओरडत होती. इतक्या दूर आयकू जाते का पाखराइले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्याबद्दलही नव्हता. ती मला सांगत होती की शहरातली माणसं, त्यांना आपलं बोलणं समजलं नाही, चालायचंच. वनरक्षकाने तिला सांगितलं होतं की चंद्रपूरच्या मॅडमनी खटपट करून प्रकरण मिटवलं. ती माझे आभार मानायला लागली. चटई आणायला आत वळली.

ते मला सहन झालं नाही. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. तिच्याच बोलीत सांगितलं. पहिल्या दिवशीच मला समजलं होतं. समजून मी गप्प बसले. तुमच्याबद्दलचा तो कागद मी खोटा आहे हे माहीत असून लिहिला. तुम्ही विचारलंत कोणतं काम, तेव्हाही मला सांगता आलं असतं.

ती चटई हातात धरून दारात थांबली.

"त्याइले समजलंच नाई," ती म्हणाली. "त्याइचं मी मनातबी नाई घेतलं. तुमाले तं समजत होतं."

तिने चटई पुन्हा गुंडाळली आणि आत भिंतीला टेकवून ठेवली. मग गडवाभर पाणी आणून माझ्या हातात दिलं, कारण उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे पाण्याशिवाय कुणी पाठवत नाही. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच पाणी प्यायले, गडवा ओट्यावर ठेवला आणि एसटीच्या रस्त्याला लागले.